घरच्या नॅससाठी मोठ्या हार्ड डिस्क: चार ८ टीबी की दोन १६ टीबी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर नाशिकला, चार बेचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली डेटा ठेवायची पेटी, बे म्हणजे तिच्यात डिस्क बसवायचा कप्पा) घेऊन झालाय, आत्ता ७ टीबीच्या आसपास डेटा आहे, त्यात घरचे फोटो, भावाच्या लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यातलं रॉ फुटेज, आणि आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटी डिजिटल करून ठेवलेल्या. वर्षाला दीड-दोन टीबी वाढ होते. चार ८ टीबी घ्यायच्या का दोन १६ टीबी? आणि ओळखीचा दुकानदार एंटरप्राइझ (सर्व्हरसाठी बनवलेल्या) डिस्क नव्याच्या भावापेक्षा बऱ्याच स्वस्तात देतोय, "झीरो अवर आहेत, एकदम फ्रेश" (म्हणजे एक तासही न चाललेल्या) म्हणतोय, त्या घ्याव्या का?

आधी उत्तर देतो मग कारणं सांगतो. दोन १६ टीबी घ्या, मिरर करून लावा (म्हणजे दोन्हींवर तोच डेटा), दोन बे मोकळे ठेवा, आणि जे पैसे उरतील त्यात तिसरी एक मोठी डिस्क घ्या जी नॅसमध्ये जाणारच नाही, घराबाहेर राहील. त्या झीरो अवर वाल्या डिस्क मात्र तपासल्याशिवाय हातात धरू नका, त्याचं खाली सविस्तर लिहितो.

मी गेली १५-१६ वर्षं पुण्यात आणि आसपास छोट्या स्टुडिओंचं, फोटोग्राफर लोकांचं, डॉक्टरांच्या क्लिनिकचं स्टोरेज लावून देतो आणि सांभाळतो, आणि सगळे जण डिस्क निवडताना एकच आकडा बघतात, टीबीला किती रुपये पडले. तो आकडा बघावाच, पण माझं म्हणणं असं आहे की डिस्क विकत घेताना ती चालू असतानाच्या दिवसांचा विचार करायची गरज नाही, चालू असताना सगळ्याच डिस्क चांगल्या असतात. ज्या दिवशी एक डिस्क मरेल त्या दिवशी काय होईल, त्या दिवसासाठी खरेदी करायची. सीएमआर का एसएमआर (डिस्कवर लिहायच्या दोन पद्धती, खाली सांगतो), किती डिस्क, कुठून घेतली, बिल आहे का, हे सगळे प्रश्न त्या एका दिवसाला येऊन भिडतात.

असा एक दिवस मी जवळून बघितलाय तो सांगतो. सांगलीकडचे एक लग्नाचे फोटोग्राफर, चार ४ टीबीच्या साध्या डेस्कटॉप डिस्क, रेड ५ मध्ये, म्हणजे चारपैकी एक डिस्क मेली तरी डेटा राहतो (इथे रेड म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या डिस्कांचा अ‍ॅरे, त्या डब्ल्यूडी, म्हणजे वेस्टर्न डिजिटल, कंपनीच्या रेड डिस्कबद्दल बोलताना पुढे डब्ल्यूडी लावूनच लिहितो). तीन वर्षं अगदी मस्त चाललं. मग एक डिस्क गेली, त्यांनी तशीच दुसरी आणून लावली, रीबिल्ड (बाकीच्या डिस्कवरून नव्या डिस्कवर डेटा परत तयार करणं) सुरू झालं, पहिला तासभर शंभर-सव्वाशे एमबीचा स्पीड दिसला म्हणून ते निर्धास्त झोपले आणि सकाळी बघतात तर स्पीड १०-१५ एमबीवर. पाचव्या दिवशी मला फोन आला, तोपर्यंत रीबिल्ड अजून संपलेलं नव्हतं आणि जुन्या तीनपैकी अजून एका डिस्कला रीड एरर यायला लागले होते, अ‍ॅरे खाली बसला. त्या दोन नंबरच्या आजारी डिस्कची सेक्टर टू सेक्टर कॉपी काढून बराचसा डेटा परत मिळाला पण दोन लग्नं गेली ती गेलीच. त्या घरातल्या लोकांना फोन करून सांगताना त्या फोटोग्राफरांचा आवाज कसा झाला होता ते मला अजून आठवतं. बॅकअप नव्हता, "रेड आहे ना" असं त्यांना वाटत होतं.

आता ते रीबिल्ड पाच दिवस का रेंगाळलं? कारण डिस्क एसएमआर होत्या. हे नीट समजून घ्या कारण मोठ्या डिस्क घेताना पहिली चाळणी हीच आहे. हार्ड डिस्कवर डेटा गोल ट्रॅकमध्ये लिहितात. साध्या पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, प्रत्येक ट्रॅक शेजारच्यापासून वेगळा असतो. लिहिणारा हेड रुंद असतो आणि वाचणाऱ्याला कमी जागा पुरते, म्हणून एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून ठेवतात, आपल्या कौलारू घराच्या छपरासारखे, एका रांगेवर दुसरी रांग. तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो. पण मधलं एक कौल बदलायचं झालं की त्याच्यावरची रांग उचलावी लागते, मग तिच्यावरची, तसंच मधला एक ट्रॅक बदलायचा तर पुढचे सगळे ट्रॅक वाचून परत लिहावे लागतात. डिस्क हे लपवायला एक छोटा भाग साध्या पद्धतीचा ठेवते, आधी तिथे लिहून घेते आणि मोकळी असताना आत सरकवते. रोजच्या वापरात कळतही नाही. रीबिल्डमध्ये मात्र डिस्कला मोकळा श्वासच मिळत नाही, तो छोटा भाग भरतो आणि मग स्पीड कोसळतो, कधी कधी डिस्क इतका वेळ गप्प बसते की नॅसला वाटतं मेली आणि तो तिला अ‍ॅरेबाहेर काढून टाकतो.

आणि पाकिटावर "नॅस" लिहिलंय म्हणून सीएमआर असेलच असं धरू नका. २०२० च्या एप्रिलमध्ये हे जगभर गाजलं होतं, डब्ल्यूडीच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर झाल्या होत्या, लोकांच्या नॅसमध्ये रीबिल्ड फेल व्हायला लागले तेव्हा ते बाहेर आलं. त्यानंतर कंपनीने यादी जाहीर केली आणि नावं वेगळी केली. आता नुसती डब्ल्यूडी रेड म्हणजे एसएमआर, डब्ल्यूडी रेड प्लस आणि डब्ल्यूडी रेड प्रो म्हणजे सीएमआर. सीगेटमध्ये आयर्नवुल्फ, आयर्नवुल्फ प्रो आणि एक्सॉसच्या जवळपास सगळ्या डिस्क सीएमआर आहेत, पण बॅराकुडा मालिकेतली ८ टीबी, जी दुकानात सगळ्यात स्वस्त ८ टीबी म्हणून हातात देतात, ती एसएमआर आहे. तोशिबामध्ये एन३०० आणि एमजी मालिका घ्या, पी३०० च्या ४ आणि ६ टीबी एसएमआर आहेत. सुदैवाने इंटर्नल डिस्कमध्ये १० टीबीच्या पुढे गेलात की घरगुती ग्राहकाला मिळणाऱ्या जवळपास सगळ्याच डिस्क सीएमआर आहेत, त्यामुळे १६ टीबी घेण्यातला एक फायदा असाही की हा प्रश्न आपोआप मागे पडतो. तरी पूर्ण मॉडेल नंबर घ्यायचा आणि कंपनीच्या साइटवरच्या डेटाशीटमध्ये "रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी" ची ओळ वाचायची, दुकानदाराला विचारून उपयोग नाही, बहुतेकांना माहीत नसतं, त्यात त्यांचा दोष नाही.

आता चार का दोन. चार ८ टीबी रेड ५ मध्ये लावल्या तर २४ टीबी वापरायला मिळतात, दोन १६ टीबी मिररमध्ये १६ टीबीच. कागदावर चार वाल्यात फायदा दिसतो, म्हणूनच लोक तिकडे जातात. पण तुमच्या आकड्यांवर लावून बघा. १६ टीबीची डिस्क नॅसवर १४.५५ दिसेल, कारण कंपनी १००० ने गुणते आणि नॅस १०२४ ने, त्यात फसवणूक काही नाही. तुमचा ७ टीबी त्याच मापात साडेसहाच्या आत येतो. ८० टक्क्यांच्या वर भरू द्यायचा नाही म्हटलं तर साडेअकरा वापरायचे, म्हणजे मध्ये पाचेक टीबी जागा, तुमच्या वाढीला तीनेक वर्षं. तीन वर्षांनी तिसरी १६ टीबी आणून मोकळ्या बेमध्ये टाकायची, आणि अनुभव असा आहे की तोपर्यंत त्याच पैशात जास्त मोठी डिस्क मिळायला लागलेली असते (नेहमीच नाही, २०११ ला थायलंडच्या पुरात भाव भडकले होते, २०२१ ला चिया कॉइन या डिस्कच्या जागेवर चालणाऱ्या क्रिप्टो नाण्याच्या नादात मोठ्या डिस्क गायब झाल्या होत्या, भाव वर जाण्याचे काळ पण येतात). चारही बे पहिल्याच दिवशी भरले की वाढायला जागाच उरत नाही, मग एकेक डिस्क काढून मोठी लावायची आणि चार वेळा रीबिल्ड करायचं, म्हणजे ज्या गोष्टीची भीती ती चार वेळा स्वतःहून करायची.

वाढवताना सिस्टिम कुठली आहे ते बघा. सिनॉलॉजीचं एसएचआर असेल किंवा साधं लिनक्सचं एमडी रेड असेल तर दोन डिस्कच्या मिररमध्ये तिसरी घालून त्याचं पॅरिटीवालं, म्हणजे रेड ५ सारखं, करता येतं, डेटा न हलवता. ट्रूनॅस म्हणजे झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर मिररचं रेड-झेड (तिथला पॅरिटीवाला प्रकार) होत नाही, तिथे अजून दोन डिस्क घेऊन दुसरा मिरर जोडायचा. झेडएफएसमध्ये रेड-झेडला एकेक डिस्क वाढवायची सोय २०२५ च्या जानेवारीत २.३ व्हर्जनमध्ये आली, पण त्याला सुरुवातच रेड-झेडने करावी लागते, आणि दोन डिस्कमध्ये त्याला काही अर्थ नाही.

मिररचं मला अजून एका कारणासाठी बरं वाटतं. एक डिस्क मेली की दुसरीवर सगळा डेटा जसाच्या तसा पूर्ण असतो, रीबिल्ड म्हणजे सरळ एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी. रेड ५ मध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत बिनचूक वाचाव्या लागतात, तेव्हा कुठे चौथी तयार होते, आणि त्या तिन्ही डिस्क सहसा त्याच वयाच्या, त्याच बॅचच्या असतात. वेळेचा हिशोब पण करा. १६ टीबीची डिस्क आतून बाहेरून मिळून सरासरी सेकंदाला १८० एमबी धरली तर पूर्ण लिहायला जवळपास २५ तास, आणि हे नॅसला दुसरं काहीही काम नसताना. भाऊ त्याच वेळी त्यावरून एडिटिंग करत असेल तर दोन दिवस धरा. हे दोन दिवस तुम्ही एका डिस्कवर उभे असता, म्हणून मोठ्या डिस्क घेणाऱ्याला बॅकअप आणखीच गरजेचा.

इथे बरेच जण एक जुना हिशोब काढतात की डिस्कच्या डेटाशीटमध्ये १० चा १४ वा घात बिटांमागे एक न वाचता येणारा सेक्टर लिहिलेला असतो, म्हणजे १२.५ टीबी वाचले की एरर येणारच, म्हणून मोठ्या डिस्कवर रेड ५ रीबिल्ड होणारच नाही. असं प्रत्यक्षात होत नाही. तो आकडा कंपनीने दिलेली हमीची मर्यादा आहे, तेवढं वाचलं की ठरल्यासारखी एरर येते असं नाही, मी महिन्याला स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चालणारे कितीतरी नॅस सांभाळतो जे वर्षाला त्याच्या कित्येक पट वाचतात. आणि प्रो किंवा एंटरप्राइझ डिस्कला तो आकडा १५ वा घात असतो, म्हणजे १२५ टीबी. रेड ५ वर माझा आक्षेप त्या गणितामुळे नाहीये, सारख्या वयाच्या डिस्क एकत्र थकतात म्हणून आहे. चार बे भरायचेच असतील तर रेड ६ करा, दोन डिस्क गेल्या तरी चालेल, पण मग चार ८ टीबीत पण १६ टीबीच मिळतात, म्हणजे दोन १६ टीबी एवढेच, आणि दोन डिस्कची वीज वर. सतत फिरणारी डिस्क मोकळी असताना पण ५-६ वॅट खाते, दोन जास्तीच्या डिस्क म्हणजे वर्षाला १०० युनिटच्या आसपास, महावितरणचा तुमचा स्लॅब लावून बघा.

नॅसवाली का एंटरप्राइझ? डेस्कटॉप डिस्क आणि नॅस डिस्क यात खरा फरक काय तर, खराब सेक्टर आला की डेस्कटॉप डिस्क तोच सेक्टर परत परत वाचत राहते, कधी मिनिटभर, कारण तिच्याकडे ती एकटीच कॉपी आहे असं धरून ती बनवलेली असते. नॅसची डिस्क ७ सेकंदांत हात वर करते आणि नॅसला सांगते तू दुसऱ्या डिस्कवरून घे. रेडमध्ये तेच बरोबर आहे. वर्कलोडचे, म्हणजे वर्षाला किती डेटा लिहावा-वाचावा याचे, आकडे म्हणाल तर डब्ल्यूडी रेड प्लस किंवा साध्या आयर्नवुल्फला वर्षाला १८० टीबी लिहिलंय, एक्सॉस किंवा तोशिबा एमजीला ५५०. तुमचं घर वर्षाला १८० टीबीच्या जवळपास तरी जाईल का याबद्दल शंका आहे, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे देऊ नका, पण वॉरंटीसाठी द्या, साध्या नॅस डिस्कला ३ वर्षं, प्रो आणि एंटरप्राइझला ५ वर्षं. बऱ्याचदा एक्सॉस किंवा एमजी ही आयर्नवुल्फ प्रोपेक्षा स्वस्त मिळते, तेव्हा मी सरळ तीच घेतो.

फक्त आवाजाचं लक्षात ठेवा. १६ टीबीच्या डिस्क ७२०० आरपीएमच्या असतात, फिरण्याचा आवाज आत भरलेल्या हेलियम वायूमुळे फार नसतो पण हेड हलतानाचा खडखडाट होतो, आणि काही मॉडेल तर काहीच काम नसताना दर काही सेकंदांनी टक करतात, ते बिघडल्याचं लक्षण नाहीये, हेड एका जागी राहू नये म्हणून फर्मवेअर मुद्दाम करतं. वन बीएचकेमध्ये झोपायच्या खोलीत ठेवणार असाल तर रात्री त्रास होईल. लाकडी कपाटावर ठेवलात तर कपाटच आवाज मोठा करून देतं, खाली जाड रबर नाहीतर जुन्या योगा मॅटचा तुकडा घाला, बराच फरक पडतो.

सीसीटीव्ही वाल्या डिस्कबद्दल पण विचारतात कारण त्या तालुक्याच्या गावात सुद्धा मिळतात, डब्ल्यूडी पर्पल आणि सीगेट स्कायहॉक. त्या सतत लिहिण्यासाठी बनवलेल्या आहेत आणि नॅसमध्ये चालतात, पण मी अडचणीतच वापरतो. नेहमीसाठी नॅसवालीच. आणि ते छोटे खिशातले ४-५ टीबीचे पोर्टेबल ड्राइव्ह फोडून आतली डिस्क काढायचा विचार असेल तर सोडून द्या, आत एसएमआर असते आणि काहींमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डवरच असतं, साटा (नॅसमध्ये लागणारं डिस्कचं नेहमीचं सॉकेट) नसतोच. मोठ्या साडेतीन इंची एक्सटर्नलमधून काढलेली डिस्क चालते, पण वॉरंटीवर पाणी सोडायचं, आणि लावल्यावर फिरतच नाही असं झालं तर घाबरू नका, साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनला ३.३ व्होल्ट आला की त्या डिस्क बंद राहतात, ती सोय सर्व्हरसाठी असते, पिनवर कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी पातळ चिकटपट्टी) चिकटवली की सुरू होते.

आता तो स्वस्त एंटरप्राइझ डिस्कचा प्रश्न, यावर मला जरा जास्त लिहायचंय कारण यात चांगली माणसं फसताना बघितलीत. चिया कॉइनच्या काळात हजारो एक्सॉस डिस्क विकत घेऊन शेतासारख्या लावल्या गेल्या, ते संपल्यावर त्या बाजारात आल्या. वापरलेली म्हणून विकली तर काही हरकत नाही. पण २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतल्या हाइझे या टेक प्रकाशनाने बाहेर काढलं की दुकानांतून नव्या म्हणून विकलेल्या सीगेट एक्सॉस डिस्क खरं तर हजारो तास चाललेल्या होत्या, स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले) तास शून्य करून ठेवलेले. म्हणजे तुमचा दुकानदार "झीरो अवर" म्हणतोय तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, त्याच्या स्क्रीनवर खरंच शून्य दिसत असेल. सीगेटच्या डिस्कमध्ये स्मार्टशिवाय आणखी एक वेगळी नोंद असते तिला फार्म म्हणतात, तिच्यात चालू तास आणि हेडचे तास वेगळे साठवलेले असतात. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रॅमच्या ७.४ व्हर्जनपासून ती नोंद वाचता येते. दुकानात बसूनच लॅपटॉपला डिस्क जोडून दोन्ही आकडे समोरासमोर ठेवा, स्मार्टमध्ये ० आणि फार्ममध्ये २०,००० असेल तर उठून यायचं. नंतर नंतर फार्म पण बदललेले नग सापडले, म्हणून डोळ्यांनी पण बघा, साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर घासल्याच्या रेघा, स्क्रूच्या भोकाभोवती रंग उडालेला, कडेला ट्रेमध्ये सरकवल्याचे ओरखडे. नव्या डिस्कवर यातलं काही नसतं.

कंपनीने स्वतः तपासून "रीसर्टिफाइड" असं लेबल लावून विकलेली डिस्क ही वेगळी गोष्ट, ती मी स्वतः पण वापरतो, मिररमधली एक नवी एक रीसर्टिफाइड अशी, भाव खरंच बराच कमी असेल तरच. पण आजोबांच्या कीर्तनाची एकुलती एक कॉपी असल्या डिस्कवर नको.

नवी घेताना आपल्याकडे दुसरा एक घोळ असतो, वॉरंटीचा. डिस्क नवी असते, सीलबंद असते, पण बाहेरच्या देशातून आडमार्गाने आलेली किंवा कुठल्या तरी सर्व्हर बनवणाऱ्याला दिलेल्या लॉटमधली असते, आणि कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला की "वॉरंटी नाही" नाहीतर दुसऱ्या देशाची वॉरंटी येते. म्हणून ऑनलाइन मागवली तर अँटीस्टॅटिक पिशवी फोडायच्या आधी लेबलवरचा सिरीयल टाकून बघायचा, पिशवी पारदर्शक असते, बाहेरून वाचता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन घेणार असाल तर काउंटरवरच बघा आणि पक्क्या जीएसटी बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, "बिलाशिवाय थोडे कमी करतो" याला हो म्हणू नका, ५ वर्षांची वॉरंटी त्या कागदावर उभी आहे. कुरिअरने आलेली डिस्क मोठ्या खोक्यात नुसती इकडून तिकडे वाजत आली असेल तर लावून बघत बसू नका, सरळ परत करा, आपटलेली डिस्क पहिले दोन महिने चालते आणि परत करायची मुदत संपली की जाते. जमलं तर दोन डिस्क दोन दुकानांतून घ्या, एकाच लॉटच्या नकोत.

नॅस सिनॉलॉजीचा आणि २०२५ च्या प्लस मालिकेतला असेल तर एक माहिती, त्यांनी सुरुवातीला स्वतःच्याच यादीतल्या डिस्क लागतील असं केलं होतं, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या डीएसएम या सिस्टिमच्या ७.३ व्हर्जनपासून साडेतीन इंची हार्ड डिस्कवरचं ते बंधन काढलं, तेव्हा सिस्टिम अपडेट करून मग डिस्क लावा.

डिस्क आली की लगेच डेटा टाकू नका हे हात जोडून सांगतो. आधी स्मार्टची लाँग टेस्ट, १६ टीबीला एक दिवसाच्या आसपास लागतो. मग पूर्ण डिस्क एकदा लिहून वाचून बघा. लिनक्सवर बॅडब्लॉक्स (डिस्क लिहून-वाचून तपासणारा प्रोग्रॅम) चालवता येत असेल तर चांगलंच, पण त्याच्या चारही पॅटर्नने लिहिणं-वाचणं म्हणजे आठ फेऱ्या, १६ टीबीला आठ दिवसांच्या वर जातील, एक पॅटर्न केलात तरी दोन दिवसांत काम होतं. १६ टीबीला ब्लॉक साइज ४०९६ आणि १८ टीबी किंवा मोठी असेल तर ८१९२ द्यावा लागतो, नाहीतर ते सुरूच होत नाही. यानंतर स्मार्टमधले ५, १९७ आणि १९८ नंबरचे (खराब सेक्टरांचे) आकडे शून्यच हवेत, एक जरी वाढला तर डिस्क परत. १९९ वाढला तर बहुतेक वेळा केबल नाहीतर ट्रे नीट बसलेला नसतो, डिस्कला दोष देऊ नका. सीगेटमध्ये १ नंबरचा रॉ आकडा कोटींमध्ये दिसतो, ते बघून लोक घाबरून फोन करतात, तो तसाच असतो.

आणि पुढेही स्मार्टवर पूर्ण विसंबू नका. गुगलने २००७ मध्ये त्यांच्याकडच्या लाखभर डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये महत्त्वाच्या चार स्मार्ट आकड्यांपैकी एकही आधी हललेला नव्हता. आकडा हलला तर डिस्क नक्की बदला, पण आकडा शून्य आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. बॅकब्लेझ ही कंपनी त्यांच्या लाखो डिस्कचे फेल होण्याचे आकडे २०१३ पासून देते आहे, २०२४ सालाचा एकूण दर १.५७ टक्के होता. म्हणजे घरात दोन डिस्क असतील तर पाच वर्षांत एखादी जाण्याची शक्यता काहीतरी सहा-सातात एक. कुठला ब्रँड घेऊ यावर लोक तासन् तास वाद घालतात, माझ्यामते सीएमआर, ५ वर्षं वॉरंटी आणि खरं बिल एवढं जमलं की सीगेट, डब्ल्यूडी, तोशिबा यात जी स्वस्त ती घ्या.

नॅस ठेवायची जागा. नाशिकची हवा बरी आहे, तरी एप्रिल-मे मध्ये बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात डिस्क ५० च्या वर जातात, ३० ते ४५ मध्ये राहिल्या तर उत्तम. माळ्यावर तर अजिबात नको, स्लॅबची सगळी उष्णता तिथेच. आणि यूपीएस हवाच, घरात इन्व्हर्टर आहे म्हणून चालेल असं समजू नका, इन्व्हर्टरच्या मागे मोड बदलायचं बटण असतं ते यूपीएस मोडवर नसेल तर लाइट जाताना जो झटका बसतो त्यात नॅस रीस्टार्ट होतो. चार बेच्या नॅसला ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो, फक्त त्याला यूएसबी पोर्ट असलेला घ्या आणि ती केबल नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आधी नॅस स्वतः नीट बंद होतो.

आता ती घराबाहेर ठेवायची तिसरी डिस्क. एक्सटर्नल केसमध्ये घाला किंवा तयार एक्सटर्नल घ्या, इथे एसएमआर असली तरी हरकत नाही कारण एकदा लिहून ठेवायचं आहे. महिन्यातून एकदा जोडा, बॅकअप चालवा, काढा आणि घराबाहेर ठेवा, बहिणीकडे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कुठेही, पण त्याच शोकेसमध्ये नको. चुकून डिलीट झालं, रॅन्समवेअर आलं, वीज कोसळली, चोरी झाली, यातल्या एकातही मिरर मदत करत नाही, मिरर दोन्हीकडे तेच डिलीट करतो. एन्क्रिप्ट करत असाल तर पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असू द्या, मी एका घरात वडील गेल्यावर मुलांना डिस्क हातात असून फोटो बघता आले नाहीत असं बघितलंय. कॅसेटींचं ऑडिओ फार मोठं नसणार, त्याची क्लाउडवर पण एक कॉपी ठेवा आणि मूळ कॅसेटी टाकून देऊ नका.

शेवटचं एक काम, पाच मिनिटांचं, पण आजच करा. प्रत्येक डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे आणि खरेदीची तारीख एका छोट्या कागदावर लिहून त्या त्या ट्रेच्या पुढच्या बाजूला चिकटवा, आणि बिलाचा फोटो नॅसवर नाही तर फोनमध्ये ठेवा. डिस्क मेली की नॅस बे चा नंबर सांगतो, पण काही नॅस ० पासून मोजतात काही १ पासून, आणि घाबरलेल्या अवस्थेत लोक मेलेल्या डिस्कऐवजी जिवंत डिस्क ओढून काढतात. स्क्रीनवरचा सिरीयल आणि ट्रेवरचा सिरीयल जुळवा, मगच ट्रेला हात लावा.